सायकलची फ्रेम हाताने जोडताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

स्टीलच्या नळ्या कापून, ब्रेझिंगने जोडून स्वतःची सायकल उभी करायची आहे, असं कळवणारी पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आली. त्यांतले नेमके प्रश्न इथे घेतले आहेत. मापं मिलिमीटरमध्ये आणि तापमान सेल्सिअसमध्ये आहे.

प्रश्न : आयटीआयमधून वेल्डरचा कोर्स झालाय. आर्क, मिग दोन्ही जमतं. मग फ्रेमसाठी ब्रेझिंग वेगळं शिकायची गरज काय? (भुसावळ)

उत्तर : आर्कमध्ये मूळ लोखंडच वितळतं. दरवाज्याच्या अँगलला ते चालून जातं. सायकलची नळी मात्र जाडातली जाड म्हटली तरी साधारण १.२ ते १.६ मिमीची. हलक्या फ्रेमसाठी टोकाला जाड आणि मधे पातळ अशी बटेड नळी येते, तिची भिंत टोकाला ०.८ आणि मधे ०.५ इतकीच असते. तिथे २.५ चा आर्क रॉड लावला की भोक पडलंच समजा. भोक नाही पडलं तरी टाक्याच्या कडेला बारीक खाच राहते आणि पुढे तडा तिथूनच जातो. टिग वेल्डिंगने पातळ नळ्या छान जोडता येतात, पण त्याला मशिन, आर्गॉन आणि बराच सराव लागतो.

ब्रेझिंगमध्ये स्टील वितळतच नाही. पितळी रॉड ९०० अंशांच्या आसपास वाहतो, ५६ टक्के चांदीचा रॉड ६५० ला. स्टीलला वितळायला १,४०० च्या वर जावं लागतं. दोन भागांमधल्या बारीक फटीत वितळलेला धातू आपोआप ओढला जातो, समईच्या वातीत तेल चढतं तसा. सांध्याची ताकद त्या आत शिरलेल्या पातळ थरात असते. कुठल्याही जुन्या काळ्या सायकलीच्या हँडलखालचा रंग थोडा खरवडून बघा. नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या स्टीलच्या बाहीत, खोचलेल्या दिसतील आणि लगच्या कडेने पितळेची पिवळी रेघ दिसेल.

वेल्डर माणसाला दोन सवयी सोडाव्या लागतात. एक, ज्योत एका जागी धरून धातूचं डबकं करणं. दुसरी, रॉड ज्योतीत धरून थेंब पाडणं. इथे ज्योत नळीला तापवते आणि तापलेली नळी रॉडला वितळवते. हा क्रम उलटा झाला की पितळ वरच्या वर गोळा होऊन बसतं, आत जात नाही.

प्रश्न : फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे टॉर्च आणि रॉड घरचेच आहेत. त्याच रॉडने लोखंडी नळीचा सांधा केला. दिसायला सुरेख आला, पण हातोडीच्या एका टोल्यात सुटला. काय चुकलं? (जळगाव)

उत्तर : रॉड चुकला. फ्रिजच्या तांब्याच्या नळ्यांना जो रॉड वापरतात तो तांबे आणि फॉस्फरसचा असतो. तांब्यावर तो फॉस्फरस फ्लक्सचं, म्हणजे तापलेल्या धातूवरची खपली विरघळवणाऱ्या लेपाचं, काम करतो, म्हणून तिथे वेगळा फ्लक्स लागत नाही. लोखंडाशी मात्र त्याचा संयोग होऊन सांध्याच्या कडेला लोह-फॉस्फाइडचा कडक, ठिसूळ थर तयार होतो. सांधा सुटला तो त्या थरातून. २, ५ किंवा १५ टक्के चांदी असलेला तांबे-फॉस्फरस रॉडही याच जातीचा, चांदी आहे म्हणून फसू नका. स्टीलला फॉस्फरसचा रॉड अजिबात लावायचा नाही.

लग घट्ट बसत असेल, म्हणजे चारी बाजूंनी फट ०.०५ ते ०.१५ मिमी असेल, तर ५६ टक्के चांदीचा १.५ मिमी रॉड घ्या. लग सैल असेल तर चांदी फट भरून काढत नाही, वाहून जाते. तिथे पितळ बरं. लगशिवाय नळीला नळी थेट जोडून कडेला गोलाई भरायची असेल, म्हणजे फिलेट करायचं असेल, तर पितळच. त्यातही थोडं सिलिकॉन आणि कथील असलेला, कमी धूर करणारा ब्रेझिंगचा रॉड मागा.

फ्लक्सची अदलाबदल करू नका. साधा टाकणखार ७४० अंशांच्या पुढे वितळतो, म्हणजे चांदी वाहायच्या वेळी तो अजून घट्टच असतो. उलट चांदीचा फ्लोराइड पेस्ट साधारण ५५० ते ८०० पर्यंतच काम करतो; पितळेच्या आचेला तो जळून काळा पडतो आणि उघड्या स्टीलवर खपली धरते.

रॉड घेताना पाकिटावर 'कॅडमियम-मुक्त' लिहिलेलं आहे ना, ते वाचून घ्या. कॅडमियमचे जुने चांदी रॉड सहज वाहतात म्हणून काही जण अजूनही मुद्दाम मागतात. त्याचा धूर फुप्फुसं जाळतो, आणि त्रास जाणवायला लागेपर्यंत काही तास निघून गेलेले असतात. असा रॉड दुकानात दिसला तरी घरी आणू नका. फ्लोराइड फ्लक्सच्या वाफाही घशाला वाईटच. दार-खिडकी उघडी ठेवा आणि धुरावर ओणवं होऊन काम करू नका.

प्रश्न : ऑक्सिजनसोबत ॲसिटिलीन घ्यावं की एलपीजी? आमचं शेड पत्र्याचं आहे. (धुळे)

उत्तर : फ्रेमच्या कामाला ऑक्सिजन-एलपीजी पुरतं. तिची ज्योत जरा पसरट आणि मऊ असते, त्यामुळे शिकणाऱ्याच्या हातून पातळ नळी जळण्याची भीती कमी. ॲसिटिलीनची ज्योत टोकदार आणि जास्त गरम. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलच्या दांड्यांचा एक्सल बसतो तो भाग) जाड कवचाला ती लवकर तापवते, पण क्षणभर रेंगाळलात तर लगचं पातळ टोक गेलं. एलपीजीला नोझल वेगळं लागतं, ॲसिटिलीनचं चालत नाही. घरच्या शेगडीचा रेग्युलेटरही उपयोगाचा नाही, त्याचा दाब फार कमी असतो. दाब कमीजास्त करता येणारा हाय-प्रेशर रेग्युलेटर घ्या. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरणं नियमात बसत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा.

ॲसिटिलीन वापरणार असाल तर दाब १ किलोच्या वर कधीच नेऊ नका, बाटली उभीच ठेवा आणि तिच्या लाइनमध्ये तांब्याची नळी जोडू नका. दोन्ही गॅसना फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी आत शिरू न देणारी झडप, लावा. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला किंवा रेग्युलेटरला तेल, ग्रीस, अगदी तेलकट हातसुद्धा लागता कामा नये. आटा जड जातोय म्हणून तेलाचा थेंब सोडण्याची सवय इथे जिवावर बेतते.

पत्र्याच्या शेडबद्दल. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो तेव्हा सिलिंडर उन्हात आणि तापलेल्या पत्र्याला टेकून ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो. म्हणून झरोका वर असून भागत नाही, खालीही हवा खेळायला हवी. आणि काम सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी करा. उकाडा हे एक कारण आहेच, पण मोठं कारण उजेडाचं. चांदीच्या आचेला स्टीलचा रंग जेमतेम काळपट लाल होतो, आणि दुपारच्या लख्ख उजेडात तो दिसतच नाही. मग माणूस रंग दिसेपर्यंत तापवत राहतो आणि फ्लक्स जाळून बसतो. पंखा सांध्याच्या दिशेने ठेवू नका, एक बाजू थंड राहते.

प्रश्न : पहिल्या फ्रेमसाठी नळ्या कोणत्या घ्याव्यात? पाण्याची जीआय पाइप किंवा खुर्चीची क्रोम पाइप चालेल का? (चोपडा)

उत्तर : दोन्ही नकोत. जीआयवर जस्ताचा थर असतो. तापवला की पांढरा धूर येतो आणि तो ओढला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. क्रोमवर पितळ चिकटत नाही आणि तो घासून काढताना उडणारी धूळ विषारी असते.

सरावासाठी भंगारातल्या काळ्या सायकलीच्या फ्रेमचे तुकडे, किंवा फर्निचरवाल्यांकडची बिनमुलाम्याची, १.२ मिमी भिंतीची २५.४ आणि २८.६ ची नळी घ्या. खऱ्या फ्रेमसाठी ४१३० क्रोमोली मागवा, आणि पहिल्या वेळी बटेड न घेता सरळ ०.९ भिंतीची घ्या. वजन तीन-चारशे ग्रॅम वाढेल, पण आचेची चूक ती सोसते.

मापं अशी धरा : सीटची नळी २८.६, वरची दांडी २५.४, पुढून खाली येणारी तिरकी नळी २८.६, एक इंची चिमट्यासाठी (पुढचं चाक धरणारा फोर्क) हँडलची नळी ३१.८. बीबीचं कवच ६८ रुंद, इंग्लिश आट्याचं. त्याचा उजव्या बाजूचा आटा उलटा असतो, हे कवच ड्रॉइंगवर ठेवण्याआधी मार्करने लिहून ठेवा. मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचांच्या पट्ट्यांमधलं) अंतर तुमच्या हबवरून ठरवा : गिअरच्या रोड सायकलीला १३०, एमटीबीला १३५. पुढे १००.

साधारण १७० ते १७५ सेंमी उंचीच्या माणसाला, ७०० सी चाक आणि २८ च्या टायरवर चालेल असा आराखडा : सीटची नळी ५४० (मध्य ते मध्य), दांडी ५५०, सीटचा कोन ७३ अंश, हँडलचा ७२, चेनस्टे (बीबीपासून मागच्या एक्सलपर्यंतची नळी) ४४०, बीबी एक्सलच्या रेषेखाली ७०. चिमट्याचा पुढे झुकाव ४५ धरला तर ट्रेल (हँडलच्या नळीची रेघ जमिनीला मिळते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) ६३ च्या आसपास येतो. गावाकडच्या खडी उखडलेल्या रस्त्यावर हँडल स्थिर राहायला एवढा ट्रेल चांगला. हा आराखडा १८ मिमी प्लायवर पूर्ण मापात काढा, पेन्सिल टोकदार ठेवून. चिमटा मात्र पहिल्या सायकलीला तयार विकत घ्या. फ्रेमची नळी तडकताना बहुधा आधी कुरकुरते. चिमटा तुटला की माणूस थेट तोंडावर पडतो.

प्रश्न : सराव नेमका कशावर आणि कसा करायचा? व्हिडिओ पाहून सांधे केले, बाहेरून बरे दिसतात, पण खात्री वाटत नाही. (अमळनेर)

उत्तर : खात्री करवतीने होते. प्रत्येक सरावाचा सांधा उभा चिरून आत बघायचा. सुरुवातीला नळीवर काटकोनात नळी, इतकंच करा.

खाच कापायला कागदाचा साचा करा. २५.४ च्या नळीचा घेर ८० मिमी भरतो. ८० लांबीच्या कागदी पट्टीवर दर १० मिमीला खूण करा आणि वरच्या कडेपासून खाली या खोल्या मोजा : ०, ४.६, ७.७, ४.६, ०, ४.६, ७.७, ४.६, ०. हे बिंदू हाताने गोलसर जोडून पट्टी कापा, नळीला गुंडाळा आणि स्क्राइबरने रेघ मारा. ही नळी २८.६ च्या नळीवर काटकोनात बरोबर बसेल. ३२ दातांच्या पात्याने रेघेच्या बाहेरून कापा, मग अर्धगोल कानशीने रेघेपर्यंत या. शेवटी दुसऱ्या नळीवर ठेवून उजेडासमोर धरा. उजेडाची बारीक रेघ दिसली तरी परत कानस. फट मोठी राहिली की पितळ ती भरतं खरं, पण थंड होताना आक्रसतं आणि नळीला आपल्याकडे ओढून घेतं. फ्रेम वाकडी होते त्यातली निम्मी इथेच होते.

मग सफाई. सांध्यापासून २५ मिमीपर्यंत आत-बाहेर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने स्टील पांढरं करा, ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. घामाचा हात लागला की फ्लक्स तिथून मागे सरतो. नळीचं दुसरं टोक बंद असेल तर ३ मिमीचं भोक ठेवा. नाहीतर आतली तापलेली हवा बाहेर पडताना वितळलेल्या पितळेतून फुगा काढते आणि सुईच्या टोकाएवढं छिद्र राहतं. फ्लक्स दोन्ही बाजूंना, नळीच्या आतही.

आता आच. ज्योत न्यूट्रल, म्हणजे आतला निळा सुळका स्वच्छ कडांचा. सुळक्याचं टोक धातूपासून १०-१५ मिमी लांब ठेवून सगळा सांधा फिरवत तापवा, जाड भागाकडे जास्त वेळ. टाकणखाराचा फ्लक्स आधी फुगतो, पांढरा फेस येतो, मग बसतो आणि काचेसारखा पारदर्शक होऊन पसरतो. अजून थांबा. स्टील नारिंगीकडे झुकलं की रॉडचं टोक सांध्याला टेकवा. रॉड चिकटून राहिला तर आच कमी आहे, रॉड काढा आणि आणखी तापवा. टेकताक्षणी वितळून रेघेत ओढला गेला तर बरोबर. घेराच्या चार ठिकाणी समोरासमोर टॅक, म्हणजे पितळेचे छोटे ठिपके, मारा. मग पहिल्या फेरीत पितळ फक्त आत जाऊ द्या, वर ढीग नको. दुसऱ्या फेरीत फिलेट, दोन्ही नळ्यांवर साधारण ५ मिमी चढेल एवढं.

चुकलं कुठे हे रंगावरून कळतं. पांढरा धूर आणि पितळेत बारीक खड्डे असतील तर जास्त तापलं. पितळेतलं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पितळेची वाहण्याची आच त्याला जवळजवळ टेकलेली, त्यामुळे मोकळीक फार थोडी. फ्लक्स काळा पडून पितळ थेंबाथेंबाने गोळा होत असेल तर फ्लक्स संपलाय. तिथे आणखी तापवून काही होत नाही. गार करा, फ्लक्स धुवा, घासा, पुन्हा लावा.

सांधा आपोआप गार होऊ द्या. पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्यानेही नको. क्रोमोली झटकन गार झालं की कडक आणि ठिसूळ होतं. मग चिरा. आतल्या बाजूला खाचेच्या कडेने पितळेची अखंड पिवळी कडी दिसली पाहिजे. तुटक दिसली तर त्या तुटीच्या बाजूला आच कमी पडली होती, आणि ती बहुतेक वेळा हात पोचायला अवघड अशी मागची बाजू असते. चिरलेला अर्धा भाग व्हाइसमध्ये धरून हातोडीने वाकवा. नळी वाकली, फाटली आणि पितळ जागेवर राहिलं तर सांधा पास. असे सलग दहा-बारा सांधे पास झाल्याशिवाय खऱ्या नळ्यांचं पाकीट फोडू नका.

फिलेट कानशीने गुळगुळीत करताना नळीला कानस लागू देऊ नका. ०.९ च्या भिंतीतून ०.२ गेले तर जवळजवळ पाव भिंत गेली. त्यापेक्षा खडबडीत फिलेट हजार पटीने चांगलं.

प्रश्न : "मनी फ्रेम वाकडी व्हई गयी, आते काय करू?" प्लायवरच्या रेघांवर ठेवून जोडली, तरी मागचं चाक एका बाजूला जातं. (साक्री)

उत्तर : आधी चाक तपासा. तेच चाक उलट बाजूने बसवा. ते आता विरुद्ध बाजूला झुकलं तर दोष चाकाच्या डिशमध्ये, म्हणजे रिम हबच्या मध्यावर नसण्यात, आहे. त्याच बाजूला राहिलं तर फ्रेममध्ये.

मग सूत बांधा. डाव्या ड्रॉपआउटपासून निघून, हँडलच्या नळीला पुढून वळसा घालून उजव्या ड्रॉपआउटपर्यंत, चांगलं ताणून. सीटच्या नळीपाशी दोन्ही बाजूंना सुताचं अंतर व्हर्नियरने मोजा. ज्या बाजूला अंतर जास्त, त्या बाजूला मागचा भाग गेलाय. १ मिमीपर्यंतचा फरक सोडून द्या. सुताने पीळ मात्र कळत नाही. त्यासाठी हँडलच्या आणि सीटच्या नळीत एकेक सरळ सळई घट्ट बसवा आणि समोरून एका डोळ्याने बघा, दोन्ही सळया एकमेकींवर यायला हव्यात.

मागचा त्रिकोण ३-४ मिमीपर्यंत गेला असेल तर पूर्ण गार असताना हातानेच ओढून आणता येतो, एका वेळी एकच चेनस्टे, थोडंथोडं, दर वेळी सूत लावून. तापवून वाकवू नका. सांधा जवळ असतो, पितळ हलतं. पीळ ५ मिमीहून जास्त असेल तर ती फ्रेम चालवू नये. कापून तिचे सरावाचे तुकडे करा.

पुढच्या फ्रेमला क्रम बदला. आधी फक्त सीटची नळी आणि बीबी. गार झाल्यावर बीबीच्या तोंडाला गुण्या लावून काटकोन बघा. तो चुकला तर तिथेच थांबा. मग पुढचा त्रिकोण टॅक करून मोजा, जोडा, परत मोजा. मागचा त्रिकोण शेवटी, ड्रॉपआउटमध्ये हबच्या मापाचा खोटा एक्सल कसून. आणि सपाटीला प्लायवर विसंबू नका, पावसाळ्यात तो फुगतो. ओट्याच्या ग्रॅनाइटचा जाड तुकडा घ्या आणि स्टीलची पट्टी लावून त्याची सपाटी बघून घ्या.

प्रश्न : दुधाच्या दोन कॅन लावून रोज सायकल चालते. हँडलजवळ तिरक्या नळीला खालून तडा गेला. आर्कने भरला, महिन्यात बाजूला पुन्हा गेला. पितळेने होईल का? (चाळीसगाव)

उत्तर : होईल, पण आर्कचा सगळा टाका ग्राइंडरने काढल्यावर. त्यातल्या स्लॅगवर आणि खपलीवर पितळ धरत नाही. तडा बाजूला सरकला कारण टाक्याच्या कडेची नळी ठिसूळ झाली आणि खाच पडली. ओझं तेवढंच राहिलं.

तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे धावणार नाही. नळीवर घट्ट बसेल अशी १.२ मिमीची नळी लांबीत चिरून पन्हाळ करा, ७० मिमी लांब. तिचं टोक काटकोनात कापू नका; बोरूच्या टोकासारखं निमुळतं करा. सरळ कापलेल्या कडेवर सगळा ताण एकवटतो आणि पुढचा तडा त्याच रेघेत येतो. घासून, फ्लक्स लावून, तारेने आवळून पितळ द्या. एका कडेने दिलेलं पितळ दुसऱ्या कडेला दिसेपर्यंत. तडा घेराच्या एक तृतीयांशाहून जास्त गेला असेल तर नळीच बदला. चिमट्याला किंवा त्याच्या दांड्याला तडा असेल तर दुरुस्ती करूच नका, नवा घाला. आणि कॅनचे हुक कॅरिअरला वर न लावता एक्सलच्या शक्य तितके जवळ, खाली आणा.

प्रश्न : फ्लक्स निघत नाही आणि पावसाळ्यात आतून गंज धरेल अशी भीती वाटते. (रावेर)

उत्तर : चांदीचा फ्लक्स गरम पाण्यात अर्ध्या तासात विरघळतो. पितळेचा काचेसारखा होतो, त्याला रात्रभर कढत पाण्यात ठेवावं लागतं. पिंप नसेल तर सांध्यावर फडकी गुंडाळून वरून उकळतं पाणी ओतत राहा, मग तारेचा ब्रश आणि बोथट टोच्या. राहिलेला फ्लक्स हवेतली ओल धरतो आणि वरचा रंग महिन्याभरात फुगवतो, त्यामुळे रंगाची घाई नको. बीबीचा आटा टॅपने साफ करून घ्या. टॅप मिळत नसेल तर जुन्या स्टीलच्या बीबी कपाला कानशीने दोन-तीन उभ्या चिरा पाडा आणि तो तेल लावून सावकाश आतबाहेर फिरवा. सीटच्या नळीत आत उतरलेलं पितळ रीमरने काढा, नाहीतर सीटपोस्ट अडकतो. आतल्या बाजूला उकळलेलं जवसाचं तेल व्हेंटच्या भोकांतून ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं निथळू द्या आणि आठवडाभर वाळवा. बीबीच्या कवचाला सर्वांत खाली ५ मिमीचं भोक ठेवा, आत गेलेलं पाणी तिथून निघून जातं.